वरचा उजवा कोपरा

सोमवार, ६

ही वही बायकोने दिली. तिचं म्हणणं असं की, पंधरा दिवस घरात ऑफिसचा विषय काढणार नाही असं तुम्ही लिहून दिलंय खरं, पण तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मी तेहतीस वर्षं बघते आहे. तेव्हा जे काय बोलायचं ते या वहीशी बोला आणि माझं डोकं खाऊ नका. मी म्हटलं, रोज वहीत लिहायला मी काय शाळेत जातो का? आणि आता लिहितो आहे.

झालंय असं. अणुभट्टीतून काढलेल्या इंधनाच्या जुड्या पाण्याच्या खोल टाकीत ठेवतात. कुठली जुडी कुठे ठेवायची याचा नकाशा अधूनमधून बदलतो, आणि तो बदलण्याआधी आम्ही गणितवाल्यांनी सांगायचं असतं की असं ठेवलंत तर काही बिघडणार नाही. एकाने गणित करायचं, दुसऱ्याने तेच गणित आपल्या पद्धतीने वेगळं करायचं, दोघांनी आपापला आकडा पाकिटात बंद करायचा, आणि पाकिटं उघडेपर्यंत त्या विषयावर एकमेकांशी चकार शब्द काढायचा नाही. चहासुद्धा एका टेबलावर घ्यायचा नाही. आमच्या विभागात याला अबोला म्हणतात.

यावेळी गणित करणारा मी. तपासणारी माझी सून. ती पाच महिन्यांपूर्वी आमच्याच विभागात लागली, अजून पक्की व्हायची आहे. तिसरा माणूस पाय मोडून घरी पडलाय. आमच्या प्रमुख बाईंना, म्हणजे दशांशबाईंना (वय विचारलं तर बावन्न पूर्णांक तीन दशांश सांगतात), ही जोडी मुळीच पसंत नव्हती. मीच छाती पुढे काढून म्हणालो, बाई, ऑफिसात मी सर, घरी मी बाबा, सर घरी येत नाहीत. मग त्यांनी ते दोघांकडून लिहून घेतलं.

एकतीस तारखेला मी निवृत्त. म्हणजे ही शेवटची सही. एकतीस वर्षांत चूकवहीत माझं पान नाही, हे मी कोणाला सांगत नाही. बहुतेक सगळ्यांना माहीत आहे, कारण मीच सांगितलंय.

मंगळवार, ७

चूकवहीबद्दल लिहायला हवं, नाहीतर वरच्या फुशारकीला अर्थ नाही. आमच्या पहिल्या प्रमुखांनी ही पद्धत घातली. ज्याचं चुकलं त्याने आपल्या हाताने त्या वहीत लिहायचं: काय गृहीत धरलं, काय निघालं, कसं कळलं. आणि चूकसुद्धा तपासून घ्यायची. दुसऱ्याने वाचून ती खरी आणि पुरती लिहिली आहे का ते बघायचं आणि खाली 'तपासलं, बरोबर' म्हणून सही करायची. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर ती वही मोठ्याने वाचतो. एकाने इंचांना सेंटिमीटर समजून भिंत बांधली होती, कागदावर. एकाने खोलीला छत द्यायचंच विसरून किरणोत्सार आकाशात सोडला होता, तोही कागदावर. पाच महिन्यांपूर्वी सूनबाईने वाचून संपवली तेव्हा मी खुर्चीत रेलून बसलो होतो. घरी येताना ती म्हणाली, सगळ्यांची पानं आहेत त्यात. मी म्हटलं, सगळ्यांची नाहीत. ती हसली नाही. मला वाटलं, थकली असेल.

बायकोने आज विचारलं, तुम्ही नक्की करता काय. लग्नाला तेहतीस वर्षं झाल्यावर! मी सांगितलं की न्यूट्रॉन म्हणजे पोरं असं समज. टाकीत शंभर पोरं सोडायची. कोण कुठे पळेल, किती लांब जाईल, पाण्यात गिळलं जाईल की इंधनावर आपटून दोन-तीन नवी पोरं जन्माला घालेल, हे यंत्र फासे टाकून ठरवतं. मग पुढच्या पिढीत किती झाली ते मोजायचं. शंभरांची शंभर झाली तर साखळी पेटत राहते. आम्हाला पंच्याण्णवच्या वर चालत नाही. अशा हजारो पिढ्या चालवायच्या, आकडा एका जागी बसला की गणित झालं.

ती म्हणाली, आणि तुम्ही पोरं सोडता कुठून?

दाराजवळच्या रॅकमधून, मी म्हटलं.

दाराजवळूनच का?

पहिल्यापासून तसंच, मी म्हटलं. माझी फाइल आहे, तरुणपणी बनवलेली. दरवेळी तीच घ्यायची, जुड्या बदलायच्या, बटण दाबायचं. पोरं आपली आपण पसरतात.

ती बरं म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या करायला लागली.

गुरुवार, ९

आकडा बसला. त्र्याण्णव पूर्णांक एक. इतका शांत बसला की जागचा हलेना. अनुभव म्हणतात तो हा.

फक्त नकाशा नीट छापला जात नाही. प्रत्येक जागी किती पोरं आली ते काळ्या ठिपक्यांनी दिसतं. सगळी टाकी काळसर येते आणि वरचा उजवा कोपरा पांढराफटक. ऑफिसचा दुसरा प्रिंटर दुरुस्तीला गेलाय, म्हणून हा एकच दोघांत वाटलेला आहे. दुपारच्या जेवणाआधी तिचा, नंतर माझा. अबोल्याच्या काळात अशी पाळी लावून दिलीय बाईंनी. मी स्टोअरकीपरकडे जाऊन कार्ट्रिज मागितलं. तो म्हणाला, गेल्याच आठवड्यात बदललंय. मी त्याला शाईचं शास्त्र सांगितलं. त्याने मुकाट नवीन दिलं.

नवीन घातलं. कोपरा पांढराच.

सोमवार, १३

आज स्टोअरकीपरशी वाजलं. शुक्रवारी दुसरं घेतलं होतं, आज मी तिसरं कार्ट्रिज मागितलं तर म्हणतो, साहेब, बाकीच्यांचे कागद तर नीट येतात. म्हटलं, बाकीच्यांना नीट आणि अर्धवट यातला फरक कळतो का? मग मला कागदाचा संशय आला. कागद दमट असेल, शाई धरत नसेल. नवं रीम फोडायला लावलं. कोपरा तरीही पांढरा. मी खाली पेन्सिलीने टीप लिहिली, 'छपाईतील दोष, गणिताशी संबंध नाही', आणि सही केली.

जेवताना क्रेनवाला समोर येऊन बसला. टाकीवरच्या पुलावरून जुड्या उचलायचं काम त्याचं. त्याने विचारलं की नवीन नकाशात त्या पलीकडच्या कोपऱ्यात कमी वापरलेल्या जुड्या टाकणार म्हणतात, ते खरं का. खरं आहे. एक गट वेळेआधीच भट्टीतून काढावा लागला, त्यांच्यात अजून बराच दम आहे, आणि सात वर्षांपूर्वी टाकी वाढवली तेव्हा जोडलेल्या भागात त्यांना जागा दिली आहे. मधे हातभर पाण्याची पट्टी आहे, जुना भाग आणि नवा भाग वेगळे ठेवणारी.

"मी त्याच कोपऱ्यावर तासन्‌तास उभा असतो," तो म्हणाला. "तुम्ही आहात म्हणून विचारतो. ठीक आहे ना?"

"बिनधास्त उभा राहा," मी म्हटलं.

त्याने माझ्या चहाचे पैसे दिले.

मंगळवार, १४

आज एक गोष्ट घडली, ती घडायला नको होती. दुपारी माझ्या वेळेत नकाशा आणायला गेलो तर प्रिंटरमधून आधी दुसराच कागद बाहेर आला. सकाळी अडकला असणार, माझ्या कागदाने त्याला ढकललं. वरती सूनबाईचं नाव. मी डोळे मिटायला हवे होते. मी चष्मा लावला.

पंच्याण्णव पूर्णांक सहा.

पोरीचं चुकलं! अडीचाचा फरक. मर्यादेच्या वर. आणि नकाशा तर बघवत नव्हता. वरचा उजवा कोपरा काळाकुट्ट, बाकीची टाकी फिकट. आता कळलं माझी शाई कुठे जाते ते. सकाळी हिच्या कोपऱ्यावर सगळी ओतली जाते आणि दुपारी माझ्या वाट्याला उरत नाही. कागद होता तसा ठेवला आणि माझा घेऊन आलो.

आमचा नियम असा: दोन आकड्यांत एकाहून जास्त फरक निघाला की कोणाचं चुकलं ते खणून काढतात, आणि मग चूकवही. एकाच्या आत असला तर गणित करणाऱ्याचा आकडा धरतात आणि तपासणाऱ्याची सही शेजारी. ती अजून पक्की नाही. पाचव्या महिन्यात पान, आणि तेही सासऱ्याच्या गणिताशी न जुळल्याचं. मुलगा बाहेरगावी चार महिन्यांच्या कामावर गेलाय, परत आल्यावर त्याला काय सांगू?

कारणही मला ताबडतोब दिसलं. ही पुस्तकी पिढी. पोरं सगळ्या टाकीत सारखी सोडत असणार. अहो, पण सगळीकडून सुरुवात करणाऱ्याला घर सापडतं का?

बुधवार, १५

जेवताना ती गप्प. एरवी भाजी वाढताना चार गोष्टी सांगते. आज माझ्याकडे दोनदा बघितलं आणि मान खाली घातली. बिचारीला आपला आकडा टोचत असणार. मी मुद्दाम मायेने म्हटलं, माणसाकडून होतं कधी कधी. ती म्हणाली, "काय होतं, बाबा?" म्हटलं, काहीही. ती माझ्याकडे बघतच राहिली. बायको म्हणाली, अहो, ताटात बघा.

मी ठरवलंय. पोरीला वाचवायचं.

खोटा आकडा मी लिहिणार नाही, एवढी लाज मला आहे. पण यंत्राने आपणहून थोडा वरचा आकडा दिला तर? माझे त्र्याण्णव-एक जर चौऱ्याण्णव-सात झाले, तर फरक एकाच्या आत येतो, नकाशा पास होतो, तिची सही शेजारी बसते, आणि वही बंदच राहते. घी देखा लेकिन बडगा नहीं देखा, असं कोणी म्हणेल. पण सासऱ्याने एवढं करायचं नाही तर कोणी करायचं?

गुरुवार, १६

तिच्या पिशवीतून लांब पांढरं पाकीट डोकावत होतं. वर दशांशबाईंचं नाव. सकाळी होतं, संध्याकाळीही होतं. जेवायला बसतानाही पिशवी शेजारी. राजीनामा! पोरगी एका चुकीपायी नोकरी सोडायला निघाली. बायकोला म्हटलं, तिला जरा सांभाळून घे. बायको म्हणाली, ती ठीक आहे, तुमचंच काहीतरी बिनसलंय, तीन दिवस चहात साखर घालायला विसरता आहात. मला ती आवडत नाही आताशा, असं म्हणून वेळ मारून नेली.

उद्या काम करायलाच हवं.

शुक्रवार, १७

नीट क्रमाने लिहितो.

आकडा थोडा वर न्यायचा तर काहीतरी अडाणीपणा करायला हवा होता. मी म्हटलं, सगळ्यात मूर्खपणाची सुरुवात कुठली? दारापासून सगळ्यात लांबची. पोरं वरच्या उजव्या कोपऱ्यात सोडली. मला वाटलं, चौऱ्याण्णवच्या आसपास लुडबुडेल. आकडा पंच्याण्णव पूर्णांक सहावर जाऊन बसला.

फारच झालं, म्हटलं. निम्मी दाराजवळ, निम्मी कोपऱ्यात सोडली. पंच्याण्णव-सहा. मधोमध, पाण्याच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना सोडली. पंच्याण्णव-सहा. शेवटी नाक मुठीत धरून पुस्तकात लिहिलंय तशी सगळीकडे सारखी सोडली. पंच्याण्णव-सहा. नकाशा छापला. त्याच प्रिंटरवर, त्याच कार्ट्रिजवर, दुपारी, माझ्या वेळेत. वरचा उजवा कोपरा काळाकुट्ट आला.

शाई होती. कोपऱ्यात माझी पोरंच पोचली नव्हती.

माझी फाइल टाकी वाढवायच्या आधीची. नंतर नवा भाग मी तिच्यात जोडला, पण पोरं सोडायची जागा तीच ठेवली. तेव्हा दाराजवळून सोडलेली पोरं सगळीकडे जात, कारण पलीकडे काही नव्हतंच. आता मधे हातभर पाणी आहे, आणि हातभर पाणी ओलांडणारं पोर लाखात एखादं. माझ्या हजारो पिढ्या अलीकडेच जन्मल्या, अलीकडेच मेल्या, आणि आकडा शांत बसला कारण त्याला काही माहीतच नव्हतं. माझ्यासारखंच.

आणि खरं सांगतो, कारण ही वही कोणी तपासणार नाही. पहिल्यांदा मला टाकी आठवली नाही. क्रेनवालाही आठवला नाही. स्टोअरकीपर आठवला. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण त्याच्या तोंडावर किती दिवस आली असेल आणि त्याने ती गिळली असेल!

मग क्रेनवाला आठवला. बिनधास्त म्हणालो होतो मी त्याला.

शनिवार, १८

दिवसभर बागेतल्या बाकावर बसलो. बायकोला सांगितलं की पायांना व्यायाम. बसून.

हिशेब सोपा आहे. सोमवारी पाकिटात पंच्याण्णव-सहा टाकायचे. तिचे पंच्याण्णव-सहा निघणार. दोन्ही आकडे तंतोतंत, बाई खूश. नकाशा मर्यादेबाहेर म्हणून रद्द, म्हणजे कोणाला धोका नाही. चूकवही कपाटात. एकतीस तारखेला हार, भाषण, 'एकही पान नसलेला माणूस'. मला खोटं काही करायचंच नाही, खरा आकडा लिहायचा आहे फक्त. इतकं सोयीचं खरं मला आयुष्यात मिळालेलं नाही.

पण टाकी वाढवल्यापासून मी तीन नकाशांवर सह्या केल्यात. याच फाइलने. त्यातला तिसरा नकाशा आज, आत्ता, त्या पाण्यात आहे. तेव्हा नव्या भागात बहुतेक दमलेल्या जुड्या होत्या, शिवाय खऱ्या पाण्यात न्यूट्रॉन गिळणारं बोरॉन असतं आणि गणितात आम्ही ते नाहीच असं धरतो, म्हणजे लगेच काही पेटत नाही. हे सगळं मी स्वतःला चार वेळा सांगितलं. पण बहुतेक म्हणजे काय? मी मोजलंय कुठे? कोपरा तेव्हाही पांढराच असणार. मी नकाशा छापतच नव्हतो तेव्हा.

ते तीन तपासा म्हणायचं, तर का ते सांगावं लागणार. मग विचारणार, तुम्हाला हे अचानक कसं सुचलं. मग पोरं का हलवली ते. मग प्रिंटर. स्वेटरचा एक धागा ओढला की बाही हातात येते, तसं आहे हे.

रविवार, १९

सूनबाई मैत्रिणीकडे गेली होती. बायकोला सगळं सांगितलं. आकडे न सांगता सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तिने मधे एकदाही अडवलं नाही, त्यानेच मला धडकी भरली.

शेवटी तिने एकच विचारलं.

"तिने मागितली होती मदत?"

नव्हती.

मग ती उठून चहा ठेवायला गेली आणि आतून म्हणाली की उद्या आधी त्या स्टोअरवाल्याची माफी मागा, बिचाऱ्याने तीन कार्ट्रिज दिली. मी म्हटलं, दोन, तिसरं त्याने दिलं नाही. ती म्हणाली, बरं, दोनांची मागा.

रडू आलं. बायकोने पाहिलं नाही, किंवा पाहिलं नाही असं दाखवलं. एकतीस वर्षं मी जे सांभाळलं ते काम नव्हतंच, कोरं पान होतं. आणि कोरं राहिलं याचा अर्थ तिथे कोणी पोचलंच नव्हतं असाही होतो, हे मला काल बागेत नाही, आज चहा पिताना कळलं.

सोमवार, २०

पावणेदहाला बाईंच्या दारात उभा राहिलो. पाकिटं अकराला उघडायची होती. म्हटलं, बाई, माझं आत्ताच उघडा. आत दोन कागद होते. एकावर त्र्याण्णव-एक आणि पांढऱ्या कोपऱ्याचा नकाशा, माझ्या पेन्सिलीच्या टिपेसकट. दुसऱ्यावर बाकी सगळं.

"अबोला मोडलाय," मी म्हटलं. "मी मोडला. तिने नाही."

बाईंनी दोन्ही कागद वाचले. पेन्सिलीच्या टिपेवर त्या जरा जास्त वेळ थांबल्या. मग फोन उचलून जुड्या हलवायचं काम थांबवलं, पाय मोडलेल्या सहकाऱ्याला घरी निरोप पाठवला की जुने तिन्ही नकाशे तू आणि सूनबाई पहिल्यापासून करा, आणि मला म्हणाल्या, वही कपाटात आहे, पेन आहे ना?

सूनबाईला बोलावून त्यांनी तिचं पाकीट उघडलं. पंच्याण्णव-सहा. ती माझ्याकडे न बघता उभी होती. बाईंनी तिलाच माझं पान तपासायला सांगितलं.

तिने ते तीन वेळा परत केलं! पहिल्यांदा म्हणाली, सर, यात 'अनुभवामुळे वेळीच लक्षात आले' असं लिहिलंय, ते काढा. दुसऱ्यांदा म्हणाली, 'सहकाऱ्याच्या हिताच्या भावनेने' हे कारण आहे की सबब? तिसऱ्यांदा म्हणाली, छपाईबद्दलची टीप राहिली. मी म्हटलं, तेवढं राहू दे की गं. ती म्हणाली, "नवीन माणसाला तेच सगळ्यात उपयोगी पडेल, सर." चौथ्यांदा तिने सही केली. पान सव्वा पान झालं. चूकवहीतलं सगळ्यात लांब पान माझं, म्हणजे तिथेही पहिला नंबर सोडला नाही.

स्टोअरकीपरची माफी मागितली. तो म्हणाला, साहेब, तुम्ही रीमही फोडायला लावलं होतंत. त्याचीही मागितली. क्रेनवाल्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला, सांगितलंत ते बरं केलं. चहाचे पैसे त्याने दिले नाहीत. मीही सुचवलं नाही.

सोमवार, २७

तिन्ही जुने नकाशे झाले. दोघांचे आकडे तंतोतंत जुळले. तिसरा, जो आज पाण्यात आहे, त्र्याण्णव-चारचा चौऱ्याण्णव-सहा झाला. मर्यादेच्या आत. माझ्या हुशारीने नाही, त्या जुड्या दमलेल्या होत्या म्हणून. सहकाऱ्याने प्लास्टरमधल्या पायाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, तुमच्यामुळे मला सुट्टीतही काम लागलं. मी घरात एवढा मोठ्याने हसलो की बायको धावत आली.

माझी ती फाइल पुसून टाकायला बसलो होतो. बाई म्हणाल्या, पुसायची नाही, वहीला जोडून ठेवायची, नवीन लोकांना चालवून दाखवायला. म्हणजे माझी पोरं निवृत्त होणार नाहीत.

शुक्रवार, ३१

हार झाला. भाषण झालं. बाईंनी एकतीस वर्षं न म्हणता एकतीस पूर्णांक दोन दशांश म्हटलं. कोऱ्या पानाचं वाक्य कोणी म्हटलं नाही आणि मला त्याचं वाईट वाटलं, हेही लिहून ठेवतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

सगळे गेल्यावर टेबल आवरत होतो. सूनबाई ते लांब पांढरं पाकीट घेऊन आली. मी म्हटलं, अगं, राजीनामा अजून आहेच का? तिला काही कळेना. मग कळलं तेव्हा ती खुर्चीत बसून हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग म्हणाली, मला हे वहीत लावायचंय, पण तपासणाऱ्याची सही लागते, आणि हे खरं आहे की नाही ते फक्त तुम्हीच सांगू शकता.

पत्र दशांशबाईंना होतं. तारीख पंधरा.

"काल दुपारी माझा अडकलेला छापील निकाल गणितकर्त्यांनी पाहिला असावा. मी प्रिंटरपाशी गेले तेव्हा तो कागद पालथा ठेवलेला होता. घरी वर्तमानपत्र वाचून झाल्यावरही ते तसेच पालथे ठेवतात. गणितकर्ते माझे सासरे आहेत. माझी तपासणी आता स्वतंत्र राहिलेली नाही, तरी मला या कामातून मोकळे करावे आणि हे गणित बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यावे."

त्याखाली वेगळ्या शाईत, एकोणीस तारखेचं: "हे पत्र मी पंधरालाच द्यायला हवे होते. ते आपणहून सांगतील असे वाटल्यामुळे मी पाच दिवस थांबले. गणितात मी असे काहीही गृहीत धरले नसते. ही माझी चूक आहे."

"सोमवारी दहा वाजता देणार होते," ती म्हणाली. "बाहेर जिन्यात उभी होते. तुम्ही पावणेदहाला आत गेलात."

पंधरा तारखेचं जेवण, सोळाचं, सतराचं. माझ्या ताटात भाजी वाढताना तिच्या पिशवीत हे होतं, आणि मी तिला म्हणत होतो की माणसाकडून होतं कधी कधी.

"आणि मी गेलोच नसतो तर?" मी विचारलं.

"तर दहा वाजता मी गेले असते, बाबा," ती म्हणाली. ऑफिसात पहिल्यांदा बाबा म्हणाली.

मी चष्मा पुसला आणि पत्र सुरुवातीपासून वाचलं. पहिल्या भागात काही निघालं नाही, पालथ्या कागदाचं तर मलाच माहीत नव्हतं, पण खरं होतं. खालच्या चार ओळी खोडाव्यात असं फार वाटलं. त्या पाच दिवसांनीच मला वाचवलं होतं. पेन हातात घेऊन मी त्या पुन्हा वाचल्या, आणि त्याही बरोबर होत्या.

खाली लिहिलं, 'तपासलं, बरोबर'. सही केली. मग तारीख घातली आणि आम्ही दोघं घरी आलो.